काळी खुंटी आणि दोन गावांची तुलना : बार बिलियर्ड्सची गोष्ट

१/
इंग्लंडच्या दक्षिण भागात एक खेळ असा आहे, की त्यात क्यू हातात न घेताही माणूस सामना हरू शकतो. यंत्रात नाणे पडते, प्रतिस्पर्धी पहिला फटका मारतो आणि त्याची खेळी संपेपर्यंत घड्याळही संपत आलेले असते. दुसऱ्याने तोवर भिंतीला टेकून आपला ग्लास रिकामा केलेला असतो. या खेळाला बार बिलियर्ड्स म्हणतात. हा धागा त्या खेळाच्या इतिहासाविषयी आहे. शिवाय, एका परगण्याची लीग दुसऱ्या परगण्याच्या लीगपेक्षा सरस की नाही हे ठरवायचे कसे, या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाविषयीही आहे. त्या खेळाचे पुढे काय होणार, हे या प्रश्नात बऱ्याच अंशी गुंतलेले आहे.

२/
मूळ शोधायचे तर अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये जावे लागते. १७७७ साली राजा सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ, काउंट ऑफ आर्त्वा, याने पॅरिसच्या सीमेवर एक छोटेखानी महाल बांधून घेतला. वहिनी मारी आंत्वानेतशी लावलेल्या पैजेपायी तो अवघ्या ६४ दिवसांत उभा राहिला. महालाचे नाव बॅगटेल, म्हणजे किरकोळ गोष्ट. पैज लावून राजवाडे बांधणाऱ्यांना किरकोळ काय वाटावे, याची कल्पना यावरून येते. अरुंद टेबलावर एका टोकाकडून चेंडू ढकलून दुसऱ्या टोकाच्या भोकांत पाडायचा जो खेळ त्या काळात लोकप्रिय झाला, त्याचे नाव याच महालावरून पडले, अशी रूढ कथा आहे.

३/
बॅगटेल इंग्लंडात आले आणि सरदारांच्या दिवाणखान्यातून उतरत उतरत खाणावळींपर्यंत पोहोचले. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्येही खाणावळीतली बॅगटेलची फळी आहे. पुढे अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ मध्ये बॅगटेलच्या सुधारित रूपाचे पेटंट घेतले. चेंडू उडवायला त्यात स्प्रिंगचा दट्ट्या होता आणि त्या शाखेला पुढे पिनबॉल हे फळ आले. म्हणजे दिवे लुकलुकवणारे पिनबॉलचे यंत्र आणि पबच्या कोपऱ्यातले हिरव्या बनातीचे टेबल ही दोन्ही एकाच घराण्यातली भावंडे ठरतात. एक मुंबईच्या व्हिडिओ पार्लरांपर्यंत फिरून आले, दुसरे आपला परगणा सोडायला तयार नाही.

४/
बॅगटेलच्याच वळणाचा ‘बिलियर रूस’ नावाचा खेळ बेल्जियममध्ये खेळला जात असे. १९३० च्या दशकाच्या आरंभी डेव्हिड गिल नावाच्या इंग्रज गृहस्थाने तो तेथे पाहिला आणि लंडनच्या हॉलोवे रोडवरील जेल्क्स या कारखानदारांना तसेच टेबल बनवायला राजी केले. पुढे सॅम्स, रायली, बरोज अँड वॉट्स अशा टेबल बनवणाऱ्या नामांकित कंपन्याही या धंद्यात उतरल्या. त्याच दशकात ऑक्सफर्डमध्ये लीग सुरू झाली आणि रेडिंग, कँटरबरी, हाय विकम या गावांनी तिचे अनुकरण केले. नाव ‘रशियन’, माहेर फ्रेंच, ओळख बेल्जियममध्ये झालेली आणि संसार मात्र अस्सल इंग्रजी, असा हा प्रवास आहे.

५/
पबमालकाला या टेबलाचे आकर्षण वाटण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. साध्या बिलियर्ड्सच्या टेबलाभोवती चारही बाजूंनी क्यू फिरवायला जागा सोडावी लागते, म्हणजे त्याला एक अख्खी खोली द्यावी लागते. बार बिलियर्ड्स एकाच टोकाकडून खेळतात. उरलेल्या तीन बाजू भिंतीला लागल्या तरी बिघडत नाही. शिवाय यंत्र नाण्यावर चालणारे. जागा थोडी लागते, गिऱ्हाईक जास्त वेळ बसते आणि गल्ल्यात नाणीही जमतात.

६/
आता खेळाचे नियम. पुढची सारी भानगड नियमांतूनच उद्भवते, म्हणून इथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

टेबलाच्या कडांना पॉकेट नसतात. खुद्द पृष्ठभागातच नऊ भोके असतात आणि त्यांचे मोल १० पासून २०० गुणांपर्यंत असते. चेंडू आठ : सात पांढरे, एक लाल. लाल चेंडू भोकात गेला तर गुण दुप्पट, म्हणजे २०० च्या भोकात तो पडला तर एका फटक्यात ४००. प्रत्येक फटका आपल्याच टोकाकडून मारायचा, दुसऱ्या चेंडूला स्पर्श करायचा आणि काहीतरी भोकात पाडत राहायचे. पाडत राहिलात तर खेळी चालू राहते. भोकात गेलेले चेंडू आतल्या घसरणीवरून पुन्हा खेळाडूच्या हाताशी येतात, म्हणून साठा संपत नाही.

७/
त्या भोकांपुढे अळंबीच्या आकाराच्या खुंट्या उभ्या असतात. पांढरी खुंटी पडली तर चालू खेळीत मिळवलेले सगळे गुण जातात आणि पाळी दुसऱ्याकडे जाते. २०० च्या भोकापुढे काळी खुंटी असते. ती पडली तर त्या डावात आरंभापासून जमवलेला प्रत्येक गुण पुसला जातो. पाच हजार असोत वा दहा हजार, फळ्यावर शून्य लिहायचे.

कॅरममध्ये राणी घेतली आणि कव्हर मिळाले नाही तर राणी परत द्यावी लागते, तेवढ्यावर भागते. इथे राणीच्या मोहापायी अख्खा बोर्ड परत द्यावा, असा हा कायदा आहे. बैठ्या खेळांत इतकी कठोर शिक्षा क्वचितच असेल आणि या खेळाचा सारा जीव त्या एका काळ्या लाकडात साठवलेला आहे.

८/
तिसरी गोष्ट घड्याळाची. नाणे टाकले की टेबलाच्या पोटातला टायमर चालू होतो. साधारण पंधरा ते वीस मिनिटांनी आत एक अडसर खाली येतो आणि त्यानंतर भोकात गेलेला चेंडू परत मिळत नाही. टेबलावर उरलेल्या चेंडूंनिशी डाव संपवायचा. शेवटचा एकच चेंडू उरला, की तो बाजूच्या कुशनला लावून १०० किंवा २०० च्या भोकातच घालावा लागतो, आणि कोणाला तरी जमेपर्यंत दोघे आळीपाळीने प्रयत्न करतात.

लक्षात घ्यावे : हे घड्याळ बुद्धिबळासारखे दोघांना दोन नाही. दोघांत मिळून एकच आहे. बार बिलियर्ड्समधली बहुतेक भांडणे या एका वाक्यातून निघतात.

९/
लीग म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करायला हवे. गावातले आणि आसपासचे पब आपापला संघ उभा करतात. आठवड्यातल्या एका ठरावीक संध्याकाळी एक संघ दुसऱ्याच्या पबमध्ये जातो, डाव होतात, मध्यंतरी सँडविच येतात, निकाल सचिवाकडे जातो. हंगामाच्या शेवटी ढाली आणि चषक. केंट, ससेक्स, सरे, बर्कशर, ऑक्सफर्डशर अशा दक्षिणेकडच्या परगण्यांत आणि जर्सी, ग्वेर्नसी या बेटांवर हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उत्तरेकडच्या कित्येक इंग्रजांना हा खेळ ऐकूनही ठाऊक नसतो.

प्रत्येक लीग खेळाडूंची सरासरी आणि हंगामातली सर्वोच्च खेळी नोंदवते. नोंदी असल्या की तुलना आली, आणि तुलना आली की वाद आलाच. ‘आमच्याकडचा मधल्या फळीतला खेळाडू तुमच्याकडे पहिल्या पाचात बसेल’ हे वाक्य सातारा-सांगलीच्या कुस्तीच्या आखाड्यांत काय किंवा केंट-ससेक्सच्या पबांत काय, सारख्याच ठसक्यात उच्चारले जाते.

१०/
परंतु आकडे येथे फसवतात, आणि ते कसे हे पाहण्याजोगे आहे.

एका लीगमधील अव्वल खेळाडूची सरासरी समजा आठ हजार आहे आणि दुसऱ्या लीगमधील अव्वल खेळाडूची पाच हजार. पहिला श्रेष्ठ? तसे म्हणता येत नाही. घड्याळ सामाईक आहे. पहिल्याचे प्रतिस्पर्धी दुबळे असतील, तर ते दोन फटक्यांत चुकतात आणि टेबल त्याला परत मिळते. सतरा मिनिटांपैकी चौदा त्याच्याच वाट्याला येतात. दुसऱ्याच्या लीगमध्ये सगळेच तयारीचे असतील, तर सतरातली आठ मिनिटे मिळाली तरी पुष्कळ झाली. म्हणजे मोठी सरासरी ही कधी कधी खेळाडूच्या थोरवीपेक्षा त्याच्या शेजाऱ्यांच्या कच्चेपणाचीच साक्ष देते. क्रिकेटमध्ये दुबळ्या गोलंदाजीवर धावांचा डोंगर उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार. पण क्रिकेटमध्ये निदान समोरच्या संघाला आपली फलंदाजी तरी करायला मिळते.

आता यात टायमर मिळवा. एका पबचे यंत्र पंधरा मिनिटांनी अडसर टाकते, दुसऱ्याचे अठरा मिनिटांनी. तीन मिनिटांत चांगला खेळाडू हजारांनी गुण करतो. त्यात बनात मिळवा. नवी बनात वेगवान असते, जुनीवर भोकांकडे जाणाऱ्या वाटा झिजून चेंडू आपसूक वळतात. घरच्या टेबलाचा उतार घरच्याच खेळाडूला पाठ असतो. पावसाळ्यात मुंबईतला कॅरमबोर्ड किती जड चालतो आणि उन्हाळ्यात तोच कसा पळतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि खुंट्या? काही भागांत टेबलावर तीन असतात, काही भागांत चार. एका खुंटीने मांडणी बदलते, मांडणीने सुरक्षित फटके बदलतात. तीन खुंट्यांवर वाढलेला माणूस चार खुंट्यांच्या टेबलापुढे उभा राहिला, की मातृभाषेची लिपी बदलल्यासारखा चाचपडतो. अशा दोघांच्या सरासऱ्या एकाच कागदावर शेजारीशेजारी लिहिणे म्हणजे पायलीचे आणि लिटरचे माप एकाच रकान्यात मांडणे.

११/
काळ्या खुंटीचा परिणाम तर याहून सूक्ष्म आहे. जिंकण्यासाठी किती धोका पत्करायचा हे समोरचा कोण आहे यावर ठरते. कच्च्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध शहाणा माणूस २०० च्या वाटेला जातच नाही. सोप्या भोकांत सावकाश गुण वेचतो. तुल्यबळ प्रतिस्पर्धी असला की मोठे भोक टाळून चालत नाही, आणि मग काळी पडते. साहजिकच कसदार लीगमध्ये शून्यांची संख्या वाढू शकते आणि सरासरी आणखी खाली येते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, येथले लोक निष्काळजी आहेत. वस्तुतः ते एकमेकांना निष्काळजी व्हायला भाग पाडत असतात.

१२/
विक्रमांकडे याच नजरेने पाहावे. ९ जुलै १९८४ रोजी ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागातील ‘क्राउन अँड थिसल’ या पबमध्ये कीथ शीअर्ड याने लीगच्या सामन्यात १९ मिनिटे ५ सेकंदांत २८,५३० गुण केले. गिनेस बुकात हा विक्रम नोंदला गेला. भागाकार केला तर मिनिटाला सुमारे १,४९५ गुण पडतात. सेकंदाला जवळजवळ पंचवीस! हाताची आणि नजरेची ही लय अलौकिकच म्हणावी लागेल.

तरीही त्या १९ मिनिटांत समोरच्या माणसाच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. विक्रमाच्या पुस्तकात त्याचे नाव नसते.

१३/
आणि इथेच प्रसाराचा प्रश्न उभा राहतो. हा खेळ वाढवू पाहणाऱ्यांची पंचाईत अशी, की तो जितका उत्तम खेळला जातो तितका नवख्याला कमी खेळायला मिळतो. कॅरममध्ये हरणाऱ्यालाही चार स्ट्रायकर मारता येतात, डार्टमध्ये दर पाळीला तीन बाण हाती येतात. बार बिलियर्ड्समध्ये नवा मुलगा पहिल्या सामन्याला आला, पैसे देऊन उभा राहिला आणि एकही फटका न मारता घरी गेला, तर पुढच्या आठवड्यात तो येईलच असे नाही. अव्वल खेळाडूंच्या गावात नवे खेळाडू तयार होणे त्यामुळे अवघड होते. दर्जा उंच आणि पाया अरुंद, अशी ती इमारत.

१४/
प्रसाराचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. १९७० च्या दशकात यॉर्कशर टेलिव्हिजनने ‘द इनडोअर लीग’ नावाचा कार्यक्रम चालवला. पबमधले खेळ (डार्ट, शव्ह हेपनी, पंजा लढवणे आणि आपले बार बिलियर्ड्स) चक्क दूरदर्शनवर. सूत्रधार होता फ्रेड ट्रूमन, हातात पाइप आणि बिअरचा ग्लास घेऊन.

हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नसावे. १९५२ साली हेडिंग्ले कसोटीत भारताची दुसऱ्या डावात शून्य धावांवर चार बाद अशी अवस्था झाली, ती पदार्पण करणाऱ्या याच ट्रूमनच्या माऱ्याने. त्या चारांपैकी तीन बळी त्याचे आणि त्यांत माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे मुंबईचे दोघे. वीस वर्षांनी तोच दरारा असलेला माणूस खुंट्या आणि भोकांचे कौतुक करत पडद्यावर उभा होता. काळाच्या ओघात माणसे कुठून कुठे येतात!

१५/
त्या कार्यक्रमाने डार्टचे भाग्य उजळायला हातभार लावला, बार बिलियर्ड्सचे मात्र नाही. यामागे कॅमेऱ्याचे कारण असावे असे वाटते. डार्टचा बाण कुठे लागला हे कोणालाही कळते. इथे भोक टेबलाच्या आत, चेंडू आत गडप होणार, आणि त्याचे मोल किती हे आधी पाठ हवे. स्नूकरचे नशीब वेगळे होते. बीबीसीने १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ सुरू केले ते रंगीत प्रक्षेपणाची ऐट दाखवण्यासाठी, आणि रंगीत चेंडूंचा खेळ त्याला आयताच मिळाला. १९८५ ची स्नूकरची जागतिक अंतिम लढत मध्यरात्र उलटून गेल्यावरही ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक पाहत होते.

स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला, हे अनेकांना ठाऊक आहे. भारतात हे टेबलाचे खेळ मेस आणि जिमखान्यांच्या वाटेने आले. ते साहेबांचे आणि सभासदांचे खेळ होते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, हा कोणत्याही खेळातील भारताचा पहिला वैयक्तिक जागतिक किताब. जोन्स यांचा खेळ आणि हेडिंग्टनच्या पबमधला खेळ यांच्या नावात एक शब्द समान आहे, सामाजिक पत्ता मात्र अगदी निराळा. बार बिलियर्ड्सला सभासदत्व लागत नाही. खिशात नाणे असले की झाले.

१६/
आज अडचण नाण्याची नाही, पबची आहे. पबमध्ये पूलचे टेबल १९६० आणि ७० च्या दशकांत पसरले आणि जुन्या टेबलाची जागा पहिल्यांदा त्याने घेतली. पूल शिकायला पाच मिनिटे पुरतात आणि डावही लवकर उरकतो. त्यानंतर पबच बंद पडू लागले. २००० साली ब्रिटनमध्ये ६० हजारांहून अधिक पब होते, गेल्या काही वर्षांत ती संख्या ४५ हजारांच्या आसपास आली आहे. उरलेल्यांपैकी अनेकांना जेवणाच्या पंगती हव्या आहेत. चार खुर्च्या आणि एक मेज मावेल एवढ्या जागेत टेबल ठेवणे त्यांना परवडत नाही.

एक टेबल गेले की एक संघ बेघर होतो. दोन-तीन संघ गेले की लीगच्या दोन विभागांचा एक विभाग करावा लागतो. आणि मग वर वर्णिलेला प्रश्न पबच्या आत येऊन बसतो. कालपर्यंत खालच्या विभागात आपसांत रमणारे खेळाडू एकाएकी वरच्या विभागातल्या कसलेल्यांसमोर उभे राहतात. त्यातले काही शिकतात, पुष्कळसे घरी बसतात. शेजारची लीग आपल्यापेक्षा किती उंच आहे, हा फुशारकीचा विषय उरत नाही. दोन लीग एकत्र करायच्या की नाही, हँडिकॅप किती द्यायचा, हे त्यावरच ठरवावे लागते. अंदाज चुकला तर दोन क्षीण लीगच्या जागी एकही उरत नाही.

१७/
सरासरीच्या कागदांवरून हा अंदाज बांधता येत नाही, हे वर आलेच. मग उपाय जुनाच : गाडीत बसून दुसऱ्याच्या गावी जायचे आणि त्याच्या टेबलावर खेळायचे. ऑल इंग्लंड बार बिलियर्ड्स असोसिएशनच्या छत्राखाली परगण्या-परगण्यांच्या लढती होतात, त्यांचे खरे मोल हे आहे. घरचे आणि परके अशा दोन्ही टेबलांवर तेच दोन संघ भिडले की टायमर, बनात, उतार यांचे पारडे बरेचसे समतोल होते आणि मागे उरतो तो खेळ.

आणि सर्वांत वर जर्सी. फ्रान्सच्या किनाऱ्याला खेटून असलेल्या, जेमतेम एक लाख वस्तीच्या या बेटावर १९८१ पासून बार बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा भरते. ‘जागतिक’ या शब्दावर कोणी हसेल. पण ज्या बॅगटेलपासून हे सारे सुरू झाले त्या फ्रान्सचा किनारा जिथून दिसतो, तिथे सगळ्या परगण्यांनी आपापल्या फुशारक्या घेऊन यावे आणि त्या एकाच छताखाली तपासून घ्याव्यात, यात एक औचित्य आहे.

१८/
राहता राहिला तो पहिल्याच सामन्यात क्यू न उचलता परतणारा मुलगा. त्याला खेळात ओढायचे तर डावाच्या आरंभापासून नव्हे, शेवटापासून ओढावे. अडसर पडल्यानंतरचा खेळ त्याला आधी शिकवावा. तिथे चेंडू परत येत नाहीत, त्यामुळे लांबलचक खेळ्या आपोआप खुंटतात. चेंडू कमी कमी होत जातात, पाळी भराभर बदलते आणि कसलेला खेळाडूही कुशनवरून शेवटचा चेंडू घालताना चारदा चुकतो. सरावाच्या संध्याकाळी टायमरची वाट न पाहता सगळे चेंडू मांडून एवढाच भाग खेळता येतो. त्याला ना नाणे लागत, ना हँडिकॅप. समोरच्याच्या खाती नऊ हजार गुण असतात, नवख्याच्या खाती तीनशे, टेबलावर एकच पांढरा चेंडू उरलेला असतो. नऊ हजारवाला २०० च्या रोखाने फटका मारतो, चेंडू कुशनला लागून येतो, भोकाच्या तोंडाशी किंचित डगमगतो आणि काळ्या खुंटीला हलकेच टेकतो.